हनीफचाचांचं एकच इंग्रजी

हनीफचाचांनी मला पहिल्यांदा 'स्टुपिड' म्हटलं, त्या दिवशी मी घरी येऊन भाकरी थापता थापता रडले. पन्नाशीच्या बाईला, भर जालना रोडवर, तेही काच खाली असताना. शेजारच्या रिक्षातल्या बाईनं मान वळवून बघितलंसुद्धा. ह्या माणसाकडं उद्यापासून गाडी शिकायला जायचं नाय, असं मी तव्यावरच्या भाकरीला सांगून टाकलं.

गेले मात्र. आमची गाडी चिकलठाण्याला बिल्डिंगखाली खोळ घालून पडली होती, कारण आमच्या ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. आई वैजापूरला एकटी. तिचे गुडघे असे की एसटीची पायरी चढायची म्हणजे दोघांनी धरायचं. यंदा दिवाळीला तिला माझ्याकडं आणायचंच होतं, आणि दर वेळी दिरांपुढं तोंड वेंगाडायचा मला वीट आला होता. ह्या वेळी विचारलं तर दीर हसले. "वहिनी, एवढी घाई कशाला? तुम्हाला काय गाडी चालवता येते थोडीच?" झालं. त्याच दुपारी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं.

चाचा म्हणजे मेंदी लावलेली दाढी, उन्हात रापलेला चेहरा आणि पानानं लाल झालेलं हसू. तरुणपणी ते इथल्याच एका कारखान्यात परदेशी साहेबाच्या गाडीवर होते. साहेब मायदेशी परतला तेव्हा चाचांना एक जुनं घड्याळ आणि एक इंग्रजी शब्द देऊन गेला. घड्याळ केव्हाच बंद पडलं. शब्द अजून चालू आहे.

आणि कसा चालतो म्हणता! रस्त्यात बसकण मारलेली म्हैस नुसती स्टुपिड. उजवा इंडिकेटर देऊन डावीकडं वळणारा 'डेढ स्टुपिड'. बेचव चहा स्टुपिड, आणि फर्मास बिर्याणी तर 'क्या स्टुपिड बनी है'. नातवानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा अख्ख्या गल्लीला बोलावून चाचा म्हणाले होते म्हणे, "देखो, कैसा स्टुपिड चल रहा." मला क्लच शिकवताना म्हणायचे, "शहाण्यासारखा नको सोडू, स्टुपिडसारखा सोड." म्हणजे डोकं बाजूला ठेव आणि पायाचं ऐक. हे उमजेपर्यंत मी गाडी इतक्यांदा बंद पाडली की चौकातला फुगेवाला मला ओळखायला लागला.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा होता. माझ्या आधी सोन्याचं कडं घातलेले एक प्लॉटवाले शिकायला यायचे. त्यांच्याशी चाचांची काय ती अदब. "साहेब, जरा डावीकडं घेता का? साहेब, तिथं खांब आहे." साहेब खांबाला जाऊन टेकले तरी, "काय हरकत नाय साहेब, खांबच पुढं आला."

सुरुवातीला मीही 'मॅडम' होते. मग जालना रोडवर, विमानतळाच्या भिंतीजवळ, गाडीपुढं एक कुत्रं आलं. मी आरशात बघितलं, ब्रेक दाबला, कुत्रं वाचवलं आणि शाबासकीसाठी चाचांकडं पाहिलं. तर म्हणे, "माझं तोंड काय बघते स्टुपिड, गियर टाक." त्या दिवसापासून मॅडम संपली.

मी ह्यांना म्हटलं, "माणूस बघून बोलतो तो. कडंवाल्याला साहेब आणि मला स्टुपिड."

"मग सोड ना," हे म्हणाले.

"सोडून काय करू? दिवाळी तोंडावर आलीय."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही उड्डाणपुलाच्या चढावर अडकलो. पुढं सिमेंटचा ट्रक, मागं एसटी, आणि एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. ट्रक हलला. आता मी ब्रेक सोडला की गाडी मागं जाणार, थेट एसटीवर. शिकवायच्या गाडीत चाचांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी म्हटलं, "चाचा, तुमचा दाबा."

"माझा कायकू? तुझा मोडला का, स्टुपिड? हाफ क्लच."

मी दात आवळून क्लच अर्धा सोडला. गाडी थरथरली, ब्रेक सोडला, आणि ती बया सरळ पुलावर चढली की हो! पूल उतरून मी गाडी कडेला लावली आणि म्हटलं, "दाबला होता ना तुम्ही? खरं सांगा."

मी वाकून त्यांच्या पायाशी बघितलं. चपला ब्रेकशेजारी नीट काढून ठेवलेल्या होत्या. चाचा सीटवर मस्त मांडी घालून बसले होते.

"कधीपासून असे बसता?"

"त्या कुत्र्यापासून."

"आणि ते प्लॉटवाले साहेब?"

"तौबा. त्यांच्या वक्ताला दोन्ही पाय ब्रेकवर. ज्याला साहेब म्हणतो त्याचा काय भरोसा? पाय वर घेतले की मग माणूस आपला. मग स्टुपिड."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या भाकरीपुढं रडले होते ते सगळं वसूल झालं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी लायसन्स पर्समध्ये घालून एकटी वैजापूरला निघाले. दिरांनी आधी स्वतःची मोटरसायकल पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आणि मग हात हलवला. संध्याकाळी मी आईला पुढच्या सीटवर घेऊन शहरात शिरले ती थेट चाचांच्या क्लासपुढं. त्यांच्या गाडीच्या शेजारी रिव्हर्समध्ये गाडी लावली, एका दमात. त्यांनी चहूबाजूंनी फिरून पत्रा तपासला आणि खिडकीशी वाकून आईला सलाम केला.

"अम्मा, भीती नाय वाटली?"

"कशाची भीती भाऊ? वाटेतलं लासूर कवा गेलं तेच कळलं नाय. डोळाच लागला होता माझा."

चाचा हसले. मग आईच्या सीटकडं बघत म्हणाले,

"माझी घरवाली लई म्हणायची, मला पण शिकवा. मी म्हणायचो, आप कायकू तकलीफ लेते, मैं हूँ ना. सगळ्या शहराच्या बाया शिकवल्या. तिला आप-आप करत जिंदगीभर बाजूच्या सीटवर बसवलं. तिथंच बसून गेली ती." त्यांनी उगाच काचेवरून बोट फिरवलं. "एकदा स्टुपिड म्हणायला पाहिजे होतं तिला."

मी हात मागं करून मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "बसा चाचा, घरी सोडते."

ते चपला काढून मागं बसले. पुलाच्या अलीकडं मी आरशात बघितलं. एवढी रिकामी सीट, पण चाचा दाराला चिकटून, मांडी घालून बसले होते. शेजारची जागा त्यांनी कुणासाठी राखल्यासारखी मोकळी सोडली होती.

"आरशात काय बघते स्टुपिड," ते म्हणाले, "पूल आला, समोर बघ."

मी गियर बदलला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन पुलावर चढले.