आवडाबाईच्या चालीची पायगाडी

गणूने वरातीला घोडा नको म्हटलं आणि ठमाबाईच्या घरात लग्नाच्या आठ दिवस आधीच वाजंत्री सुरू झाली.

"घोडा नको, तं काय बैलावर बसशील?" ठमाबाईने मुलाला विचारलं.

"पायगाडीवर."

हे १८९८ साल. गणू कोपरच्या मिठागरात कामाला होता. मीठखात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना आपली पायगाडी, म्हणजे सायकल, त्याला देऊन टाकली होती. शेजारच्या गावची सगुणा, म्हणजे गणूची नियोजित वधू, हिने ती बांधावरून जाताना लांबून पाहिली होती. 'मना जवळून बघायची हाय,' एवढाच तिचा निरोप आला होता. गणूला तेवढा पुरे होता.

सगुणाच्या बापाला, धाकूला, मात्र तो पुरेना. त्याच्या थोरल्या जावयाला वरातीतच घोड्याने पाडलं होतं. तो अजून लंगडत होता.

"मांडवात शिरेपर्यंत नवरा भुईवर पडला, तर वरात माघारी," धाकूने बजावलं. "एक लंगडा जावई हाय. दुसरा नको."

गणू पडत नसे, पण तो वेगात असेपर्यंत. पायगाडीच्या पुढच्या दातेरी चाकाला चोवीस दाते होते, मागच्याला आठ. पाय एकदा फिरवला की मागचं चाक तीनदा फिरे. आणि वरात चालणार आवडाबाईच्या चालीने. आवडाबाई धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाईल तेव्हा लग्न लागणार, आणि गात गात वरातीच्या पुढे तीच चालणार. वय सत्तर. त्या चालीने जायचं म्हटलं की गणूची गाडी डुलायची आणि तो शेतात जायचा.

त्याने गाडी कल्याणच्या महिपत लोहाराकडे नेली. महिपतने ती उलटी करून पाहिली.

"साहेबाला ठाण्याला जायची घाई असंल. तुला कशाची? दोन्ही दातेरी चाकांची अदलाबदल करू. चोवीस मागं, आठ पुढं. तीनदा पाय मार, मागलं चाक एकदा फिरंल. पाय फिरत राहिले की तोल जायचा नाय."

"म्हातारीच्या चालीशी जुळंल?"

"माप घेऊ की."

महिपत कामात पक्का. तो कोपरला आला आणि सुतळी घेऊन आवडाबाईच्या मागून पावलं मोजत चालू लागला. ती गर्रकन वळली.

"मेल्या, तिरडीचं माप घेतंस काय माझं? अजून तुझ्या पोराचं लगीन लावायचं हाय मना!"

माप जुळलं. चाकाचा एक फेरा म्हणजे आवडाबाईची पाच पावलं. चाकं बदलली, गणूने अंगणात गाडी चालवून दाखवली. गोगलगाय बरी. ठमाबाईनेसुद्धा हात जोडले.

वरातीच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे निघालं. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आवडाबाई धवल्याचा ठेका घोड्याच्या टापांवर धरायची. पन्नास वर्षांची रीत. घोडा नाही, म्हणून तिने मागे वळून गणूचे पाय पाहिले. ते भराभरा फिरत होते.

"पोराला घाई हाय गं!" ती म्हणाली आणि धवला भरभर सुरू केला.

गाणं भरभर, म्हणून पाऊल भरभर. पाऊल उचललं म्हणून ढोलवाल्याने हात उचलला. म्हातारी पुढे निघाली म्हणून गणूने पाय आणखी जोरात मारले. ते बघून आवडाबाईने ठेका आणखी वाढवला.

"हळू घे गं!" गणू ओरडला. ढोलात कुणाला ऐकू जाणार?

ठमाबाई लुगडं सावरत पळत होती. "अरं, लगीन हाय का वाघ लागलाय मागं?"

वरात दोन घटका आधी मांडवाशी पोचली. धाकू विहिरीवर ओल्या धोतरात उभा होता, भात चुलीवर चढला नव्हता. गणूला उतरता येईना. पाय त्याचे राहिले नव्हते. चाकासोबत आपोआप फिरत होते. थांबला तर पडणार, म्हणून तो मांडवाभोवती फिरू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या. गाडी डुलायला लागली.

"पडला की माघारी!" धाकूने विहिरीवरून आठवण दिली.

तेवढ्यात हळदीच्या अंगाने सगुणा घरातून धावत आली. मिठाच्या पाट्या उचलणारे हात. तिने एका हाताने गाडी धरली, दुसऱ्याने गणूचं कोपर, आणि त्याला उभ्याने मांडवात आणलं.

बायांनी तोंडावर पदर घेतले. अंतरपाटाआधी नवऱ्या मुलीने नवऱ्याला हात लावला!

धाकूने धोतर पिळता पिळता मान खाली घातली. ठमाबाईला मात्र दम लागलेला असूनही जोर चढला.

"बघितलंस व्याही? माझा पोर पडला नाय. तुझ्या पोरीलाच धीर नव्हता. सांग, वरात माघारी नेऊ?"

"नको गं बाय," धाकू म्हणाला. "लाव लगीन."

पण आवडाबाईला गायला श्वास उरला नव्हता. ती बसून पाणी पीत होती. तिचा श्वास परतेपर्यंत नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभी राहिली. सगुणाचा हात अंतरपाटाखालून पलीकडे गेलेला सगळ्यांना दिसत होता. पोर फारच धीट, असं गावात पुढे वर्षभर बोललं गेलं.

खरं एवढंच होतं, की तिने कोपर सोडलं असतं तर गणू पडला असता. तिने सोडलं नाही.