सातातला एक मेला

भानुदासमामांच्या सदऱ्याला दोन खिसे होते. डावा जिवंत पैशांचा, उजवा मेलेल्या पैशांचा. भाजीवाल्यानं सात रुपये परत दिले की मामा भर रस्त्यात उभे राहून सहा रुपये डाव्या खिशात टाकायचे, एक उजव्या खिशात, आणि शांतपणे म्हणायचे, "सातातला एक मेला." नवा भाजीवाला दचकून विचारायचा, "कोण मेला, साहेब?" जुने आपले वजन करत राहायचे.

हा नियम नुसता पैशाला नव्हता. एकदा त्यांनी स्वतःला धरून सात माणसांसाठी सहाच कप चहा टाकला, कारण सातातला एक येत नाही, हा त्यांचा सिद्धांत. सातही जण हजर! मामांनी स्वतः चहा घेतला नाही आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा, एक गेलाच का नाय?" अशा माणसाशी वाद घालून तुम्ही काय कमावणार?

उस्मानपुऱ्यात आमच्या घरासमोर दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. कुठल्याशा सरकारी खात्यात अंदाजपत्रकं करायची त्यांची नोकरी. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "त्याचाबी अंदाज काढला होता. लई निघाला." गल्लीतली सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची आणि जून महिना आला की त्यांना टाळायची.

कारण जूनमध्ये मामा शिकारीला निघत. ज्या घरातलं पोर बारावीत गेलं असेल, त्या घरी काखेत लांबट वही मारून हजर. "पुढच्या वर्षी पोरगं कॉलेजात. पैशाचं काय ठरवलंय?" हा प्रश्न ऐकला की भल्याभल्यांची बोबडी वळायची. आमच्या गल्लीत पोरीच्या लग्नाचं सोनं ती तिसरीत असताना घेऊन ठेवत. पोराच्या मुंजीचा आचारी दोन वर्षं आधी ठरे. पण कॉलेजच्या खर्चाचं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "ते बघू की वेळेवर." ट्यूशनवर पैसे ओतायचे, मार्कांसाठी नवस बोलायचे, आणि मार्क पडले की फीसाठी मेव्हण्याकडे पळायचं, अशी रीत. मामा म्हणायचे, "नवरी ठरवली, मुहूर्त ठरवला, अन् मांडवाचं वेळेवर बघू व्हय?"

मी बारावीत गेले त्या जूनमध्ये ते आमच्याकडे आले. माझे वडील, अण्णा, दौलताबादच्या शाळेत मास्तर. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे आणि तिथल्या पोरांना गणित शिकवायचे. त्यामुळे हिशेब म्हटलं की अण्णांची मान ताठ. "भानुदासराव, तुम्ही मला गणित शिकवणार?" असं म्हणून त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. अण्णांना मी इथंच बी.एस्सी. करावं असं वाटत होतं, पण तसं सरळ न म्हणता ते "परवडणार नाही" म्हणायचे.

मामा म्हणाले, "परवडतं का नाय ते आत्ताच बघू. तालीम घेऊ. शालू आजपासून होस्टेलात."

"कुठल्या होस्टेलात?" आईनं विचारलं.

"ह्याच घरात."

योजना अशी होती. अण्णांनी दर एक तारखेला मला साडेतीनशे रुपये द्यायचे. त्यातून मी जेवणाचे एकशे ऐंशी आईला द्यायचे, खोलीभाडं साठ अण्णांना, आणि पन्नास रुपये मामांना, कारण साडेतीनशेचा सातवा हिस्सा मेला. उरलेल्या साठात वह्या, साबण, सायकलचं पंक्चर, सगळं भागवायचं. अण्णांना यात माझा पराभव दिसला असावा. ते लगेच म्हणाले, "कबूल. वर्षभर भागवून दाखव. एकदा जरी हात पसरलास, तर इथंच बी.एस्सी." मीही हट्टाला पेटले. म्हटलं, कबूल.

पहिल्या महिन्यात आईनं डोळ्यांत पाणी आणलं. "पोटच्या पोरीला अन्न इकू व्हय मी? काय पाप करायला लावता भाऊजी!" तीन महिन्यांनी तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं: 'आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय खाडा मिळणार नाही. पाहुण्याचे वेगळे पैसे.' महालक्ष्म्यांना पुरणपोळी केली तर दोन रुपये जास्तीचे लावले. चौथी पोळी मागितली की भुवई वर. आईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणावेत असे पैसे आले होते, आणि मी सांगते, तिच्यासारखी खानावळवाली अख्ख्या पुण्यात मला पुढं भेटली नाही. मामा खूश होते. म्हणायचे, "वहिनी, झकास. तिथं याच्याहून बेकार लोक असतात. पोरीला सवय झाली पायजे."

अण्णांनीही घरमालकाचा पार्ट उत्तम वठवला. रात्री दिवा जास्त वेळ जळला की खोकायचे.

पौषात मला सडकून ताप आला. डॉक्टर आणि गोळ्या यांत बावीस रुपये गेले. मामा दारातून वही उघडून म्हणाले, "होस्टेलात आई नसते, शालू. बजेटात आजारपण धरलं नव्हतं, ही माझी चूक. पुढच्या बजेटात धरू." आणि गेले. तेवढ्यात आई हळद घातलेलं दूध घेऊन आली. मी म्हटलं, "हे कशात मांडू?" ती म्हणाली, "मांडू नको कुठं. खानावळ बंद हाय. आई चालू हाय."

त्या महिन्याच्या शेवटी माझ्याजवळ चार रुपये उरले होते. सायकल पंक्चर होती. आठवडाभर ज्युनिअर कॉलेजला पायी गेले, पण हात पसरला नाही. अण्णा रोज सकाळी मुद्दाम विचारायचे, "काही हवंय का?" मी रोज म्हणायचे, "नको."

घरात सगळ्यांना एकच गोष्ट डाचत होती. माझे पैसे फिरून घरातच राहत, पण मामांचे पन्नास जायचे कुठं? आई म्हणायची, "महिन्याला पन्नास रुपये मेले म्हणून नेतात. मेलेल्यांचं श्राद्ध घालतात का हे?" एप्रिलमध्ये मामांच्या खिडकीत टेबलफॅन फिरताना दिसला आणि आईचा निकाल लागला. "घ्या! आपल्या मेल्यांचं वारं खातायत!" अण्णा म्हणाले, "अगं, तालमीची फी समज." पण त्यांनाही ते पटलेलं होतं असं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, माणूस लबाड आहे.

मार्क पडले. पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं. फी, होस्टेल, अनामत मिळून साडेतीन हजार, भरायची मुदत चार दिवसांची. मी वर्ष काढलं होतं, त्यामुळे अण्णांना नाही म्हणता येईना. उलट ते छाती पुढं काढून म्हणाले, "साडेतीन हजार तयार आहेत. दिवाळीतच हिशेब करून ठेवलाय मी." सिल्लोडच्या शेतीतल्या मक्याचा अण्णांचा वाटा काकांकडं होता. इतकी पोती, इतका भाव, गुणाकार साडेतीन हजार. अण्णांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून त्याला चौकोन केला होता.

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारी काकांचं पाकीट घेऊन सिल्लोडचा ओळखीचा कंडक्टर आला. अण्णा शाळेत, आई बाजारात. मी नोटा मोजल्या. तीन हजार. सोबत अडत्याच्या हिशेबाची पट्टी होती: अडत, हमाली, तोलाई, बारदान, शिवाय खताची उधारी काकांनी परस्पर वळती केलेली. अण्णांनी पोती आणि भाव गुणले होते. मधलं काही धरलंच नव्हतं. साडेतीन हजारातले पाचशे गेलेले. मी मनात भागाकार केला. बरोबर सातवा हिस्सा.

मी पाकीट घेऊन समोर पळाले. मामांनी पट्टी वाचली. ते "सातातला एक मेला" म्हणाले नाहीत. म्हणाले, "मास्तरांना कळलंय?"

"अजून नाही."

"मग चल."

ते मला पोस्टात घेऊन गेले. ट्रंकेतून काढलेलं एक पासबुक त्यांच्या हातात होतं. त्यावर माझं नाव होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी कसल्याशा फॉर्मवर माझी सही घेतली होती, ती मी विसरूनही गेले होते. अकरा महिन्यांचे पन्नास-पन्नास, साडेपाचशे, वर थोडं व्याज. मला इतकी लाज वाटली की सही करताना मी मामांकडे बघितलंच नाही. पाचशे काढून मामांनी ते काकांच्या नोटांत घातले, आणि पट्टी घडी करून आपल्या उजव्या खिशात ठेवली.

"अण्णांना यातलं सांगायचं नाय," ते म्हणाले.

"का पण? कधीतरी कळेलच की त्यांना."

"कळू दे नंतर. आज नको. आज त्यांना मोजू दे."

मग पोस्टाच्या पायरीवर बसून ते सांगू लागले, "पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी मॅट्रिक झालो. मलाबी पुण्यालाच जायचं होतं, शेतकी कॉलेजात. फी न् राहणं धरून दोनशे दहा रुपये. माझ्या बापानं कापूस इकला, गोऱ्हा इकला, अन् दोनशे दहा मोजले. तीनदा मोजले. समदे हाली."

हाली म्हणजे निजामाचा रुपया. हिंदुस्थान सरकारचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं.

"आमच्या वाडीत कलदार बघितलाय कोणी? रुपया म्हंजे रुपया. पुण्याला खिडकीवरचा बाबू म्हणला, हे चालत नाय, बदलून आणा. सराफानं एकशे ऐंशी सांगितले. तीस कमी. तीस रुपये, पोरी. अनोळखी गावात कोणाला मागू? संध्याकाळी खिडकी बंद झाली."

"मग घरी काय सांगितलंत?"

"मार्क कमी पडले म्हणून सांगितलं." मामा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "बापानं तीनदा मोजले होते ना गं. त्यांचा हिसाब चुकला, हे कोण्या तोंडानं सांगू? ते मरेपर्यंत गावात सांगायचे, पोरगं हुशार हाय माझं, पर मार्कानं मार खाल्ला."

संध्याकाळी अण्णा आले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि नोटा मोजल्या. पस्तीसशे. मामा आमच्या दारातच उभे होते. म्हणाले, "मास्तर, अजून एकदा मोजा." अण्णांनी पुन्हा मोजल्या, या खेपेला मोठ्यानं, वर्गात पाढे म्हणतात तसे. मग कॅलेंडरवरचा चौकोन दाखवत म्हणाले, "बघा भानुदासराव. दिवाळीतला हिशेब. रुपयाचा फरक नाही. कुठं गेला तुमचा सातातला मेलेला?"

वीस वर्षं गल्लीत कुणापुढं हार न मानलेले मामा म्हणाले, "चुकलं माझं, मास्तर."

"कबूल केलं एकदाचं!" आई आतून म्हणाली आणि चहा घेऊन आली. अण्णा लहान मुलासारखे हसत होते. मला तिथं थांबवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि माठापाशी उभी राहून रडले.