मंगलताईंसमोर ‘तिथं’ म्हणू नये

मंगलताईंसमोर ‘तिथं’ हा शब्द काढायची सोय नाही. क्रांती चौकात एकदा कुणीतरी एका म्हाताऱ्या जोडप्याला वाट सांगत होतं, “तिथून आत वळा.” ताईंनी आमची रिक्षा थांबवली आणि डोकं बाहेर काढून म्हणाल्या, “तिथून म्हंजे कुठून? खूण सांगा की!” मागं हॉर्न वाजायला लागले. रिक्षावाला कळवळून म्हणाला, “मॅडम, चलना है क्या?” ताई ढिम्म. जोडपं नीट वाटेला लागलं, तेव्हाच आम्ही हललो.

ताई माझ्या शेजारीण. औरंगपुऱ्यात आमची दारासमोर दारं. पाचोड गावच्या शेतकरी घरातल्या, इथं शहरात एकट्या राहतात. दिवसा कंपनीत नोकरी, पण खरं काम संध्याकाळी. ज्यांना दिसत नाही त्यांना संगणकावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट, सगळ्यांसाठी खुलं. जगभरातली माणसं घरी बसून ते थोडं थोडं घडवतात. ते कसं वापरायचं, याची मराठी पानं ताई लिहितात आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे जोडतात. पगार शून्य, रुबाब कलेक्टरचा.

“‘इथं क्लिक करा’ लिहिणाऱ्याला डोळे बांधून पाचोडच्या बाजारात सोडलं पायजे,” त्या म्हणतात. “मशीन आपलं वाचतंय, इथं, इथं, इथं. आरं बाबा, इथं काय हाय, ते सांग ना!”

गेल्या उन्हाळ्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, पानांचे पत्ते बदलले आणि मराठी दुवे धडाधड तुटले. परदेशातल्या मुख्य मंडळींनी कळवलं, मराठी पानं तूर्त काढून टाकू, सवडीनं बघू. नेमकी तेव्हाच पाचोडची रेखा याच पानांवरून नोकरीच्या संगणक परीक्षेची तयारी करत होती. रेखाला जन्मापासून दिसत नाही.

ताई ऑनलाइन मीटिंगमध्ये भांडल्या. सुरुवात इंग्रजीत झाली. पारा चढला तशी भाषा घरची झाली. “पानं काढायची नाय म्हंजे नाय! मी सांधते सगळी!” माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आवाज आला. पलीकडच्यांना शब्द कळले नसतील, सूर पोचला असावा. पानं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे घेऊन गेले, तर ताई डोळ्यांना ओढणी बांधून संगणकासमोर. “दिसत असलं की चूक सापडत नाय,” म्हणाल्या आणि मलाही तसंच बसवलं. मी फाईल जपून ठेवायच्या पानाचा दुवा दाबला आणि आवाज बारीक करायच्या पानावर पोचले.

“लई भारी!” ताईंनी टाळी वाजवली. “तुम्ही हरवल्या, म्हंजे दुवा चुकलाय!”

माझ्या चुकीचं इतकं कौतुक उभ्या आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

परीक्षेच्या आधी सगळे दुवे लागले. आता तीच मुख्य मंडळी इतर भाषावाल्यांना ताईंची पानं नमुना म्हणून दाखवतात. मी बँकेत काउंटरवर बसते. येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते. पासबुक छापून होईपर्यंत बिचाऱ्यांना ऐकावंच लागतं. रेखाला पैठणला नोकरी लागली, तेव्हा तर मी पेढे वाटले.

प्रत्येक पानाच्या तळाशी ताईंनी स्वतःचा नंबर दिलाय. फोन सारखा वाजतो. ‘हॅलो’ म्हणायची पद्धत नाही, थेट “कुठं अडलं?”

परवा रविवारी मी त्यांच्याकडं होते. ताई पिठलं ढवळत होत्या. फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला. रेखा होती.

“कुठं अडलं, रेखा?”

“काय बी नाय अडलं, ताई. सहज केला फोन. जेवल्या का तुम्ही?”

पळी पातेल्यात तशीच थांबली. ताईंना ‘जेवल्या का’ विचारणारा फोन मी पहिल्यांदाच ऐकला.

“नाय गं अजून,” ताई म्हणाल्या. गॅस बंद करून त्यांनी खुर्ची ओढली. “तू बोल. मला काय घाई नाय.”

मी हळूच उठले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.