नाना आणि पालीचं पोट

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीतला नाना कुठल्याही पालीशी पोटाकडून ओळख करून घेतो. पाल काचेवर चढली की हा पलीकडच्या बाजूला जाऊन मान वर करून उभा.

"आप्पा," तो मला सांगतो, "मांडीखाली ठिपक्यांची रांग दिसली? शेपूट बुडाशी फुगलंय, डोकं रुंद. नर हाय. पास!"

मांड्या कोऱ्या आणि शेपटीचं बूड सडपातळ असलं तर मादी. तीही पास. नानाने चाकणच्या कारखान्यात जन्मभर गिअर तपासले, पण 'रिजेक्ट' हा शब्द तो तिथेच ठेवून आला.

एकदा तो तळमजल्यावरच्या एका खिडकीशी टॉर्च घेऊन उभा होता. आतल्या बाई किंचाळल्या.

"ताई, तुमच्याकडं कोण बघतंय? मी पालीकडं बघतोय."

यावर बाई जास्तच चिडल्या. तेव्हापासून सगळे त्याला 'पालवैद्य' म्हणतात. नाव मी ठेवलं, म्हणून तो हे का करतो याचा खुलासाही मलाच करायला हवा.

पाल अंगावर पडल्याची फळं पंचांगात असतात. बाईला वेगळी, पुरुषाला वेगळी. नानाची तक्रार तिथेच. "आन् पाल बाई हाय का बाप्या, ते कुणी बघायचं? निम्मी तपासणी करून माल पाठवलाय राव!"

गेल्या आठवड्यात पाल माझ्या सुनेच्या, नेहाच्या डोक्यावर पडली. नेहाचे दिवस भरत आलेले, आणि डोक्यावर पडणं सगळ्यात वाईट. ती हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करते. "बाबा, मी असलं काही मानत नाही," म्हणाली आणि खाली बसली. "पण नानाकाकांना बोलवा."

नाना बनियनवरच धावत आला. पाल स्वयंपाकघराच्या काचेवर चढली होती. तो गॅलरीत गेला, गुडघे टेकले, भिंग लावलं. त्याच्या खांद्यावरून मीही बघत होतो.

"नर!" नाना गरजला. "दंडबैठका मारल्याला पैलवान हाय! नर बाईच्या डोक्यावर पडला की फळ उलटं. बाळ-बाळंतीण ठणठणीत!"

"हे कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"जुन्या पंचांगात. आता छापत न्हाईत, कागद वाचवत्यात."

नेहा हसली, हसता हसता रडली आणि मग पोटभर जेवली.

नानाला सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो.

"नाना, त्या पालीच्या पोटात दोन पांढरी अंडी स्वच्छ दिसत होती."

"मलाबी दिसली की." त्याने भिंग बनियनला पुसलं. "तुझ्या वहिनीला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशी पाल तिच्या डोक्यावरच पडली व्हती. लई भ्याली. घाबरतच गेली, परत आलीच न्हाई. मला तवा काय सांगावं सुचलंच न्हाई बघ."

त्या दिवशी वहिनींना पंचांग मी वाचून दाखवलं होतं. मोठ्याने, फळासकट. नानाला ते ठाऊक आहे. इतक्या वर्षांत त्याने कधी विषय काढला नाही.

लिफ्टपाशीही काढला नाही. लिफ्टचं दार लागता लागता एवढंच म्हणाला, "आप्पा, बाळ झालं की पहिला फोन मला कर. जिवाला घोर लागलाय रे."