बावीस तारखेचं मटण

मटण महिन्यातून एकदाच खायचं, असं प्रज्योतनं ठरवलं ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये. हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि समोर पोस्टर, की बकऱ्यांच्या ढेकरांनीसुद्धा पृथ्वी तापते. (स्वतःचे दोन ट्रक काळा धूर ओकत पेण-अलिबाग फिरवणाऱ्या माणसाला एकदम पृथ्वीचा कळवळा आला.) या महिन्याचं 'एकदा' त्यानं लगेच राखून ठेवलं. बावीस तारखेला मेहुण्याची, गणराजची हळद होती. आणि खारेपाटातल्या आगरी गावांत हळद म्हणजे मटण. नवऱ्याला हळद लावतात ते जाता जाता.

पण त्याआधीच्या एका रविवारी तो सासुरवाडीला गेला आणि सासूबाईंनी, येसूबाईंनी, रश्श्याची वाटी पुढे केली.

"नको आई. सोडलंय."

येसूबाईंचा हात तसाच राहिला. रविवारी समोर आलेलं मटण नको म्हणणारा आगरी माणूस त्यांनी एकाच जातीचा पाहिला होता, तो म्हणजे माळकरी.

"माल घेतली जावयबापू? आनि आमाला सांगलां न्हाय?" असं म्हणत त्या चक्क पाया पडल्या.

नऊ वर्षांत या बाईनं त्याच्या ट्रकांना 'भंगार' आणि त्याला 'ते भंगारवाले' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. प्रज्योतला इतकं बरं वाटलं, की तो गप्प बसला. (मेला तो इथेच.)

घरी येताना बायको, प्राप्ती, म्हणाली, "आईला खरं सांग."

"हळदीच्या गर्दीत कोण बघतंय, कोणाच्या ताटात काय ते!"

पुढचे दिवस त्याला धड बसवेना की झोपवेना. दुधी, घेवडा, पुन्हा दुधी. ट्रक सिग्नलला थांबला तरी त्याला रश्श्याचा वास यायचा.

बावीस तारखेला तो दुपारीच पोचला. डीजे होता, मांडव होता, पण वास कुठे होता? तीन फेऱ्या मारून झाल्यावर तो मांडवामागे घुसला आणि आचाऱ्याच्या, कोंडाजीच्या, टोपांवरची झाकणं उचलू लागला. वालाची उसळ. बटाटा. भात.

"मटण कुठंय?"

"न्हाय यंदा," कोंडाजी तोंड पाडून म्हणाला. "कोन जावई मालकरी झालाय म्हनं. त्याला शिव्या घालूनच उसल शिजवली."

तेवढ्यात माइकवर येसूबाईंचा आवाज आला. "आमच्या जावयांनी माल घेतली! त्यांच्या म्होरं बकरा कापाचा न्हाय, म्हनून यंदा समदं गोड जेवन!"

तीनशे माना प्रज्योतकडे वळल्या. त्यातली एकही मान भक्तिभावानं वळली नव्हती.

मग लोक हळूच उठायला लागले. चार घरं पलीकडे मोरूशेठच्या पोराची, पियूषचीही हळद होती आणि तिथे सहा बकरे पडले होते. अर्धी पंगत तिकडे वळली. त्या गर्दीत रुमालानं तोंड झाकून प्रज्योतही वळला.

पानावर भाकरी आली, कांदा आला. बादली घेऊन स्वतः मोरूशेठ वाढत येत होते. दोन पानं राहिली, एक राहिलं. प्रज्योतला राहवेना, रुमाल काढून त्यानं वाटी पुढे केली.

मोरूशेठनी त्याच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं बादली पाठीमागे लपवली.

"अरे देवा, माऊली! तुमाला कोनी बसवलं इथं? विटाळलां असतां ना!" मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "अगो काशी, येसूबाईंचं जावई आलंन! दूध-केली आन लवकर!"