साळूबाईची एक ओळ

या बाळांनो, जवळ सरकून बसा. एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्यावर पाणी प्यायच्या पाळ्या एक संगणक लावत असे.

सकाळी हरणं, दुपारी वाघ, संध्याकाळी हत्ती. रोज यादी झाडावर लागे. त्यामुळे कोणी कोणाला खात नसे. म्हणजे निदान तळ्यावर तरी.

संगणक सांभाळायला साळूबाई नावाची साळिंदर होती. संगणक फार म्हातारा. त्यावरचा पाळ्यांचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत नसे. म्हणून साळूबाईनं अख्ख्या संगणकाची हुबेहूब नक्कल एका फायलीत भरून ठेवली. जाणकार तिला 'इमेज' म्हणतात.

पुढे जुन्या संगणकाला वाळवी लागली. नुसता डबा उरला. साळूबाईनं नव्या संगणकावर कमांड लाइनचा काळा पडदा उघडला, एक ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. नव्याच्या पोटात जुना जागा झाला! पाळ्या लागल्या. कोणाला पत्तासुद्धा लागला नाही.

मग तपासणीला करकोचेसाहेब आले. लांब पाय, लांब चोच, काखेत जडवस्तू नोंदवही, म्हणजे सरकारी वस्तूंचे नंबर टिपायची वही.

"जुना संगणक कुठाय?"

"नव्याच्या आत आहे, साहेब."

"बाहेर काढा."

"निघत नाही. त्याला अंगच नाही. ही ओळ लिहिली की तो असतो."

"मग नंबर कशावर रंगवू? नंबर नाही ते यंत्र बेकायदा. बंद करा!"

"बंद केलं तर उद्या वाघ आणि हरणं एकदमच येतील हो."

"येऊ देत. ती माझ्या नोंदवहीत नाहीत."

साळूबाईच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले.  तिनं वाळवीनं खाल्लेला डबा पुसला, आत एक काजवा सोडला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी नंबर रंगवला. शेरा मारला, 'यंत्र उत्तम'.

उत्तम यंत्राची कीर्ती सिंहमहाराजांच्या कानी गेली. डब्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. सोबत हुकूम आला : 'यंत्र आपोआप चालते. सबब साळूबाईंची गरज नाही.'

साळूबाई बिळात गेली.

भर चैत्रात एकदा वीज गेली आणि आली. नवा संगणक उठला, पण पोटातला जुना काही उठेना. ओळ लिहिणार कोण? यादी लागली नाही. अधिकारी डब्याभोवती जमले. कोणी उदबत्ती लावली. करकोचेसाहेबांनी हार घातला. तिकडे तळ्यावर वाघ आणि हरणं समोरासमोर आली. एक म्हातारी हरिणी परतली नाही.

आरडाओरडा ऐकून साळूबाई धावत आली. सगळ्यांची तोंडं डब्याकडे होती. तिनं मागच्या मागे नव्या संगणकावर ओळ लिहिली. एंटर. यादी बाहेर!

करकोचेसाहेब गर्रकन वळले. "तुम्ही काही केलंत?"

खरं सांगावं, असं साळूबाईच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात तिला साहेबांच्या काखेतली नोंदवही दिसली.

"मी कुठे काय, साहेब! तुमचा हार पावला."

साहेब फुगले. दुसऱ्याच दिवशी नवा हुकूम निघाला : डब्याला रोज हार घालावा. आणि हार घालायला कोणीतरी हवं, म्हणून साळूबाईला परत कामावर घेतलं.

तात्पर्य : बाळांनो, विद्या कधी वाया जात नाही. फक्त ती वापरायला जाताना हातात एक हार असू द्यावा.