टेकडीवरचे पिवळे घोडेस्वार

घड्याळजींनी रविवारची लढाई दाढी करता करताच जिंकली होती. आरशावर साबणाच्या फेसाने नदी काढली, नदीवर पूल काढला आणि बायकोला सांगून टाकलं, की बारापर्यंत पूल ताब्यात, एकपर्यंत शत्रूची पळापळ आणि दीडला आपण जेवायला घरी. बायकोने एवढंच विचारलं, की आरसा कोण पुसणार.

हसू नका, प्रश्न अब्रूचा होता. क्लबाचा नियमच तसा होता. जो सलग तीन मोठ्या लढाया हरेल त्याने सेनापतिपद सोडायचं आणि टेपवाला व्हायचं. म्हणजे टेबलाशी गुडघे टेकून दुसऱ्यांच्या फौजा किती इंच सरकल्या ते मोजायचं आणि तोंडातून इंचांखेरीज अक्षर काढायचं नाही. सध्या त्या जागी पोस्टमास्तर होते. घड्याळजी दोन लढाया हरले होते, आणि तेव्हापासून पोस्टमास्तर त्यांच्याकडे फार मायेने पाहायला लागले होते.

क्लब भरायचा छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. टेबलटेनिसची चार टेबलं जोडलेली, त्यांवर हिरवं कापड, कापडावर निळ्या कागदाची नदी, आणि काठाकाठाने बोटाच्या पेराएवढे दोन हजार शिशाचे सैनिक. प्रत्येकाच्या कोटाची बटणंसुद्धा हाताने रंगवलेली! लढाई दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन राज्यांची. निळी फौज घड्याळजींची, लाल फौज दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टर जितकं गोड बोलून दाढ उपटत, तितकंच गोड बोलून तोफ डागत. पंच म्हणून निवृत्त हेडबाई.

घंटा वाजली आणि घड्याळजींचं लक्ष पुलाच्या उजव्या हाताच्या टेकडीकडे गेलं. तिथे बारा घोडेस्वार उभे होते. पिवळे.

निळे आपले, लाल डॉक्टरांचे. मग पिवळे कुणाचे?

विचारायची सोय नव्हती. घंटा झाल्यावर ‘हे कुणाचे’ असं विचारायचं नाही, हा हेडबाईंचा कायदा. खऱ्या सेनापतीला कोण सांगायला येत होतं? ज्याला कुतूहल असेल त्याने हेर पाठवावा आणि फासा टाकावा. सहा पडले तर हेर जिवंत परत येतो आणि पंच त्याची बातमी कानात सांगतात. बाकी काही पडलं तर हेर गेला.

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्यात अडकवलं आणि टाचा उंचावून पाहिलं. घोड्यांच्या नाकपुड्या मोजून झाल्या, मालक काही दिसेना. पलीकडून डॉक्टरांनी दात तपासायचा इवलासा आरसा काढला आणि टेकडीची पाठ न्याहाळली. मग दोघे एकमेकांकडे बघून मंद हसले. ही समोरच्याचीच चाल, याबद्दल दोघांनाही शंका उरली नाही.

घड्याळजींचे अकरा हेर मेले. बाराव्याला सहा पडले. हेडबाई कानाशी वाकल्या. आता खरी गंमत अशी, की त्यांनाही काही माहीत नव्हतं. पण चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या त्या बाईने ‘मला माहीत नाही’ हे वाक्य आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

“नक्की आकडा कळला नाही,” त्या कुजबुजल्या, “पण मागे आणखी असावेत.”

घड्याळजींना टेकडीमागे पाच हजारांची पिवळी फौज दिसायला लागली. त्यांनी पुलासमोरची खास पलटण उचलली आणि टेकडीकडे तोंड करून उभी केली. थोड्याच वेळाने डॉक्टरांचाही एक हेर जिवंत परतला, त्यांच्याही कानात तेच पडलं, आणि लाल फौजही पूल सोडून टेकडीकडे वळली. दीड वाजून गेला. जेवायचं कुणाला भान!

क्लबाच्या नियमपुस्तकात आणखी एक कलम होतं. ज्या सैन्याला हुकूम द्यायला कुणी नाही, ते पंचांच्या फाशाने चालतं. अडीचला हेडबाईंनी फासा टाकला. सहा! पिवळे टेकडी उतरून थेट खास पलटणीवर आले. घड्याळजींच्या फाशावर एक पडला, पुन्हा एक, मग आणखी एक. पलटण पळाली ती आपल्याच तोफा तुडवत. शिशाचा सैनिक काही स्वतःहून पळत नाही, त्याला उचलून मागे न्यावं लागतं, आणि ते काम हरणाऱ्याचंच. घड्याळजी अर्धा तास आपली फौज पळवत होते.

“तुमचीच माणसं तुमच्यावर उलटली की हो,” डॉक्टर गोड आवाजात म्हणाले.

“माझी? अहो, ती तुमची ना?”

डॉक्टर बारकाईने पिवळ्यांकडे पाहायला लागले, तेवढ्यात पिवळे त्यांच्याकडे वळले. चार वाजता हिरव्या कापडावर ना एक निळा होता ना एक लाल. बारा घोडेस्वार मात्र जसेच्या तसे.

हॉल झाडणाऱ्या मावशी दिवसभर खिडक्यांच्या काचा पुसत होत्या. त्या फडकं पिळत म्हणाल्या, की ते बारा सकाळी कपाटाखाली सापडले. कुणाच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून मोकळी जागा बघून ठेवून दिले.

हेडबाईंनी नियमपुस्तक मागून पुढे आणि पुढून मागे चाळलं. ज्याने मांडली त्याची फौज, ज्याची फौज उरली तो विजयी. वहीत नोंद झाली: विजयी सेनापती, मावशी. पोस्टमास्तरांनी गळ्यातला टेप काढला, मुलगी सासरी पाठवावी तसा दोन्ही हातांनी घड्याळजींच्या स्वाधीन केला आणि डोळे पुसत खुर्चीवर जाऊन बसले.

मावशी टेबलाजवळ आल्या. “दादा, एक विचारू? मघापासून डोक्यात घोळतंय. तुम्हाला तो पूल घ्यायचा होता ना? दुपारपासून तिथे चिटपाखरू नव्हतं. मग घेतला का नाही?”

घड्याळजींनी तोंड उघडलं. मग नियम आठवून मिटलं. गुडघे टेकून त्यांनी आपल्या पलटणीच्या सकाळच्या जागेपासून पुलापर्यंत टेप लावला.

“चार इंच,” ते म्हणाले.